पांढरं कुठंय हे?

सिंगापूरला आम्ही गेलो ते २००९ च्या मे महिन्यात. पाच रात्री सहा दिवसवाली टूर, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या केशरी टोप्या, पर्समध्ये खाकरे आणि ठेपले, आणि गाइड सतत घड्याळ दाखवत पळवतोय. प्राणिसंग्रहालयात पोलर बेअरसमोर आम्हाला फार तर दहा मिनिटं मिळाली असतील. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, तो कठड्याला लोंबकळून "आई अस्वल, आई अस्वल" करत होता, आणि माझी आई, जिला त्या ट्रिपमध्ये तोपर्यंत कशाचंच विशेष वाटलं नव्हतं, ती पदर सावरून पुढे गेली, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पांढरं कुठंय हे?"

आणि खरंच नव्हतं की. गाईच्या तुपासारखा पिवळट रंग, पाठीवर जरा राखाडी, नाक आणि ओठ मात्र काळेकुळकुळीत. पुस्तकात, कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत, मुलाच्या चित्रांच्या वहीत जे शुभ्र पांढरं अस्वल असतं ते हे नव्हतं. मी काहीतरी "अगं ओलं आहे म्हणून" वगैरे सांगून वेळ मारून नेली आणि आम्ही पुढे पळालो.

त्याचं नाव इनुका. तिथल्या पाटीवर वाचलं असणार पण लक्षात राहिलं नाही, नंतर कळलं. २६ डिसेंबर १९९० ला तिथेच जन्मलेला, उष्ण कटिबंधात जन्मलेलं जगातलं पहिलं पोलर बेअर. नाव ठेवायला म्हणे देशभर स्पर्धा घेतलेली, आणि इनुका म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या भाषेत दबक्या पावलांनी सावज गाठणारा असा अर्थ सांगतात. विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर राहून, आयुष्यात एकदाही गोठलेला समुद्र न बघता, सावज गाठणारा. २५ एप्रिल २०१८ ला तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे अस्वलाच्या हिशेबात पणजोबाच, सांधे पार गेले होते, उठणं-चालणं कठीण झालेलं, शेवटी डॉक्टरांनी भूल दिली त्यातून त्याला जागं केलंच नाही. मुलाने बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. आईने दोन हात जोडलेले पाठवले आणि खाली टाइप केलं, "तेच का ते पिवळं".

तिथून मला हा नाद लागला. मी कुणी प्राणिशास्त्रज्ञ नाही, बँकेत नोकरी करते, पण रात्री जेवणं आवरली की सवडीने वाचत बसते, आणि त्यातून जे साठलंय ते आज एकदाचं लिहून काढतेय.

तर आधी आईचा प्रश्न. पोलर बेअर पांढरं नसतंच. त्याच्या केसात रंग असा नाहीच, केस पारदर्शक असतो आणि आतून पोकळ, आणि काचेचा चुरा जसा पांढरा दिसतो तसे हे लाखो केस उजेड इकडेतिकडे फेकतात म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. आणि केसांखालची कातडी काळी. म्हणजे मूळ अस्वल काळंच, वरून काचेचा कोट. उन्हाळ्यात, समुद्रातल्या सील प्राण्याची चरबी लागून लागून, अंगचं तेल मुरून तो कोट पिवळा पडतो. इथे एक कबुली द्यायची आहे, मुलाच्या पाचवीच्या प्रोजेक्टमध्ये मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं की हे केस फायबर ऑप्टिक केबलसारखे काम करतात, ऊन थेट कातडीपर्यंत नेतात आणि म्हणून अस्वलाला थंडी वाजत नाही. बाईंनी वर 'छान' असा शेरा दिला. हे साफ खोटं आहे. १९९८ मध्ये डॅनियल कून नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने खरंच केसातून प्रकाश सोडून मोजलं तर तो वाटेतच संपून जातो, कातडीपर्यंत जवळपास काही पोचतच नाही. पण गोष्ट इतकी गोड आहे की अजून सगळीकडे फिरतेच आहे, माझ्या हातूनही फिरली.

पोकळ केसांचा एक खरा किस्सा मात्र आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सॅन डिएगोच्या झूमधली अस्वलं हिरवी पडायला लागली. वरवर शेवाळ लागलं असेल म्हणून धुवावं तर जाईना, कारण शेवाळ केसांवर नव्हतं, केसांच्या आत होतं, त्या पोकळ नळीत. बर्फात जी नळी रिकामी राहते तिच्यात दमट हवेत संसार थाटलेला. २००४ मध्ये इनुका आणि त्याची आई शीबा यांचंही तेच झालं, दोघं हिरवे, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करून परत पांढरे केले. हे वाचून मी आईला फोन केला तर म्हणते, "म्हणजे पार्लरला नेलं म्हण की."

आता चरबी. खरं तर मला सगळ्यात जास्त याच विषयावर बोलायचं आहे, कारण मध्यंतरी माझा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८, आणि डॉक्टरांनी तूप, लोणी, चीज, साय, शेंगदाण्याची चटणी अशी एकेक नावं घेऊन कागदावर काट मारली. त्याच आठवड्यात मी वाचत होते की पोलर बेअर जेवणात मुख्यतः चरबीच खातं, म्हणजे मांस नाही, चरबी. सील पकडला की कातडी आणि त्याखालचा चरबीचा थर सोलून खाणार, भूक भागलेली असेल तर खालचं लाल मांस तसंच टाकून निघून जाणार, जे मागून येणाऱ्या ध्रुवीय कोल्ह्याचं. रक्तात कोलेस्टेरॉल माणसाला ऑपरेशन टेबलवर नेईल इतकं, आणि हृदयविकार नाही. २०१४ मध्ये याच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्यात असं निघालं की हे अस्वल तपकिरी अस्वलापासून वेगळं होऊन पाच लाख वर्षंसुद्धा झालेली नाहीत, उत्क्रांतीच्या हिशेबात म्हणजे परवाच, आणि तेवढ्या वेळात रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक, एपीओबी म्हणतात त्याला, ते खूप बदललं. आपल्यात हेच जनुक बिघडलं की एलडीएल वाढतं. मी रिपोर्ट हातात घेऊन बसले होते आणि मनात म्हटलं, मला फक्त पाच लाख वर्षं द्या डॉक्टर.

ती चरबी मिळवायची पद्धत बघा पण. सील हवेत श्वास घेणारा प्राणी, बर्फाखाली पोहतो, त्याला दर थोड्या मिनिटांनी वर यावं लागतं, म्हणून तो बर्फात भोकं पाडून ठेवतो आणि ती पुढच्या पंजाच्या नख्यांनी खरवडून उघडी राखतो. इनुइट लोक या भोकाला अग्लू म्हणतात. एका सीलची अशी बरीच भोकं असतात. अस्वल वासाने भोक शोधतं आणि तिथे बसतं. बस्स. बसतं. किंवा पोटावर पडतं, हनुवटी बर्फाला टेकवून, भोकाच्या काठाशी. हलायचं नाही, पाऊल वाजवायचं नाही, कारण बर्फाखाली आवाज लांबवर जातो. तासभर, दोन तास, कधी त्याहून जास्त. आणि सील आलाच तर एका क्षणात पंजा आणि जबडा आत. बऱ्याचदा येतच नाही, दुसऱ्या भोकावर जातो, मग उठून पुढच्या भोकाशी. आपण सिनेमात धावणारं, गुरगुरणारं अस्वल बघतो, खऱ्याचा धंदा म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहण्यासारखा आहे, नंबर लागेल न लागेल. पाठलाग त्याला परवडत नाही, एवढ्या चरबीच्या आणि केसांच्या गोधडीत पळालं की अंग तापतं.

म्हणून बर्फ लागतो. हे मला कळायला वेळ लागला, मला वाटायचं बर्फ म्हणजे त्याचं घर, थंडी म्हणजे त्याचं सुख. थंडी दुय्यम आहे. बर्फ हा त्याचा बाजार आहे, उभं राहायची जागा. मोकळ्या पाण्यात तो सीलला गाठू शकत नाही, सील पाण्यात त्याच्यापेक्षा फार चपळ. गोठलेल्या समुद्राचा कट्टा नसेल तर समोर सील पोहताना दिसून उपयोग शून्य.

आणि बाळंतपण. आमच्याकडे बाईला दिवस गेले की सगळ्यांचं लक्ष तिच्या खाण्यावर, डिंकाचे लाडू, अळीव, तूप-भात. अस्वलीचं शरीर उलटं करतं, आधी खा, मग बघू दिवस जातात का. एप्रिल-मे मध्ये जोडी जमते, गर्भ फळतो, पण तो तसाच तरंगत राहतो, गर्भाशयात रुजत नाही. मधले महिने ती नुसती खाते, वजन दीडशे-दोनशे किलोने वाढवते. शरद आला की शरीर जणू पासबुक उघडून बघतं, साठा पुरेसा असेल तर गर्भ रुजतो, नसेल तर विरघळून जातो. (नोकरीमुळे मला पासबुकच सुचणार.) मग ती बर्फात गुहा खणते आणि आत जाते. गुहेत हिवाळा काढणारी फक्त गाभण अस्वलीणच बरं का, बाकीची सगळी थंडीभर बाहेर हिंडत, शिकार करत असतात, हेही मी आधी चुकीचंच समजत होते. साधारण डिसेंबरात पिल्लं होतात, बहुतेकदा दोन, एकेकाचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. तीनशे किलोची आई आणि अर्ध्या किलोच्या वांग्याएवढं पिल्लू, डोळे मिटलेले. दुधात तीस टक्क्यांच्या आसपास चरबी, आपल्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के असते आणि तेवढ्यावर आपण बोटभर साय काढतो. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येतात तेव्हा पिल्लं दहा-बारा किलोची झालेली आणि आई वाळून गेलेली. कॅनडात हडसन बेच्या बाजूला तर उन्हाळ्यातच बर्फ वितळतो, त्यामुळे तिथली गाभण अस्वलीण जुलैत किनाऱ्यावर आल्यापासून थेट पुढच्या मार्चपर्यंत, आठ महिने, काही न खाता काढते, त्यातच बाळंत होते, त्यातच दोघांना पाजते. मी एकादशीला दुपारी चारला चिडचिडी होते.

आर्क्टिक या शब्दाचं एक सांगायचं राहिलं. ग्रीकमध्ये आर्क्टोस म्हणजे अस्वल. पोलर बेअरमुळे नाही हं, ग्रीकांनी ते पाहिलेलं असायचं काही कारण नाही, उत्तरेच्या आकाशात त्यांना अस्वल दिसायचं, ज्याला आपण सप्तर्षी म्हणतो, त्या अस्वलाखालचा प्रदेश तो आर्क्टिक. आणि आर्क्टोस आणि संस्कृत ऋक्ष हे एकाच मुळाचे शब्द, त्यातूनच हिंदीतला रीछ. ऋग्वेदात रात्री उंचावर दिसणाऱ्या 'ऋक्षां'चा उल्लेख आहे आणि शतपथ ब्राह्मण सरळ सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणायचे. म्हणजे लग्नात नवऱ्यामुलीला आपण ज्यांच्या जवळचा ध्रुव दाखवतो ती एके काळी आपल्याकडेही अस्वलंच होती. याच उत्तरेवर लोकमान्य टिळकांचाही जीव होता, वेदांतल्या लांबच लांब उषांच्या वर्णनावरून आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये होतं असं त्यांनी १९०३ मध्ये ग्रंथ छापून मांडलं. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. माझे मामा मानतात, पण तो वेगळा विषय.

आर्क्टिकमध्ये खरोखर घर असलेली माणसं म्हणजे इनुइट, आणि त्यांच्याकडे हे अस्वल म्हणजे नानुक. त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं आईचं माहेर आठवत राहतं. आईचं माहेर जुन्नर तालुक्यात. तिथे आता ऊस वाढल्यापासून बिबट्या उसातच राहतो, त्यातच पिल्लं घालतो, आणि रात्री अंगणात बसलेलं असताना आजी त्याचं नाव घेऊ द्यायची नाही. 'जनावर' म्हणायचं. सापाला 'लांबडं'. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं. इनुइटांमध्येही असंच होतं, नानुकबद्दल वावगं बोलायचं नाही, त्याची टिंगल नाही, मी त्याला असा मारीन तसा मारीन अशी फुशारकी नाही, तो ऐकतो. शिकार झाल्यावर त्याच्या आत्म्याचा मान ठेवायचा, नर असेल तर पुरुषांची हत्यारं, मादी असेल तर बायकांची सुरी, सुया ठेवायची डबी असं तिच्यापाशी ठेवायचं, कारण नीट पाहुणचार झाला तर तो आत्मा जाऊन बाकीच्या अस्वलांना सांगतो, त्या घरी जा, माणसं चांगली आहेत. कोकणात, डहाणू-जव्हारकडे वाघोबाचं लाकडी देवस्थान असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भीती आणि आदर यांच्यात तिथे फट नसते.

आणि ही श्रद्धा नुसती श्रद्धा नव्हती, शेजाऱ्याची पक्की माहिती होती. सील कसा मारायचा तर अस्वलासारखा, भोकाशी न हलता बसून, हे तंत्र अस्वलाकडून शिकलो असं ते सांगत आले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिकारी बुटांच्या तळव्याला नानुकच्या कातड्याचे तुकडे लावायचे. २०२५ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं की त्याच्या केसांवरच्या तेलात असं मिश्रण आहे की बर्फ चिकटतच नाही, केस धुऊन तेल काढलं की लगेच चिकटतो. म्हणजे बूट वाजू नये आणि त्याला बर्फ धरू नये, दोन्ही एकाच कातड्यात.

दुसरं म्हणजे यकृत. इनुइट नानुकचं मांस खातात, यकृत खात नाहीत, कुत्र्यांनाही देत नाहीत. १५९६ मध्ये विलेम बॅरेन्ट्सची डच तुकडी रशियाच्या उत्तरेच्या नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकली, वाहून आलेल्या लाकडांचं घर बांधून तिथे हिवाळा काढला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी एका अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं. चवीला छान लागलं. मग सगळे आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली, त्यांच्यातल्या खेरित द वेर याने हे रोजनिशीत लिहून ठेवलंय. कारण कळायला १९४३ साल उजाडलं, त्या यकृतात अ जीवनसत्त्व इतकं ठासून भरलेलं असतं की ते माणसाला विषच. गाजर खा, डोळे चांगले राहतात, तेच अ जीवनसत्त्व. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं नाही की असं होतं, साडेतीनशे वर्षं जातात.

युरोपातल्या राजांना हे अस्वल पोचलं ते आहेर म्हणून. १२५२ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला नॉर्वेच्या राजाने एक पाठवलं, ते टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं. रोजचा खर्च चार पेनी, तो लंडनच्या शेरीफांच्या बोकांडी. त्यांना तो जड झाला असावा, कारण पुढे हुकूम निघाला की याला तोंडाला मुसकं, साखळी आणि एक भक्कम लांब दोर द्यावा, म्हणजे हे थेम्स नदीत उतरून स्वतःचे मासे स्वतः पकडेल. मला इतिहासातलं एखादं दृश्य बघायची मुभा मिळाली तर मी हेच मागेन. तेराव्या शतकातलं लंडन, पहाटेची वेळ, काठावर दोर धरून उभा असलेला, अर्धवट झोपेतला माणूस आणि पाण्यात पाचशे किलोचं अस्वल. कोण कुणाला धरून होतं देव जाणे.

नंतर आहेर कमी झाले आणि बंदुका वाढल्या. १७७३ मध्ये फिप्स नावाच्या कप्तानाच्या मोहिमेवर चौदा वर्षांचा एक पोरगा होता, तो रात्री जहाजावरून गुपचूप उतरून अस्वलामागे गेला, बंदूक उडालीच नाही, जहाजावरून तोफ डागून अस्वलाला पळवलं तेव्हा वाचला, आणि ओरडा बसला तेव्हा म्हणाला वडिलांसाठी कातडं न्यायचं होतं. तो पुढे अॅडमिरल नेल्सन झाला, म्हणून ही गोष्ट अजून सांगतात. फिप्सने परत येऊन १७७४ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं, उर्सस मॅरिटिमस, समुद्राचं अस्वल. जमिनीचं नाही, समुद्राचं, हे त्याला तेव्हाच उमगलेलं. मग नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर हिवाळाभर मुक्काम करणारे, सापळे लावणारे शिकारी आले, त्यांची एक युक्ती म्हणजे लाकडी खोक्यात बंदूक बसवायची, चापाला दोरी, दोरीला आमिष, अस्वल आमिष ओढणार आणि स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेणार, शिकारी झोपडीत चहा पीत बसलेला. हेन्री रूडी नावाच्या एकट्या माणसाच्या नावावर ७१३ अस्वलं आहेत. शेवटी १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एकत्र बसले आणि शिकार आवरायचा करार केला. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे पाच जण एका अस्वलावर एकमत झाले, हे विशेषच.

स्वालबार्डशी आपलं नातं मात्र आहे. तिथल्या न्यू-ओलसुंड गावात २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा सगळा कारभार चालतो वास्कोहून, गोव्यातून. गोव्याच्या दमट हवेतून निघालेला शास्त्रज्ञ तिथे पोचला की आधी बंदूक चालवायला शिकतो, कारण वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवायचं साधन जवळ हवंच. आणि गावातल्या घरांना कुलूप लावत नाहीत, अस्वल मागे लागलं तर ज्याचं दार जवळ त्यात घुसता यावं म्हणून.

कॅनडातलं चर्चिल तर यासाठी प्रसिद्धच. हडसन बेच्या काठावरचं जेमतेम आठ-नऊशे वस्तीचं गाव, तिथेही गाड्यांची दारं उघडी ठेवतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात खाडी पुन्हा गोठेपर्यंत आसपास रेंगाळतात, उपाशी. गावात घुसलेल्याला पकडून तुरुंगात टाकतात, खराखुरा तुरुंग, पूर्वीच्या लष्करी इमारतीत अठ्ठावीस कोठड्या. आत खायला देत नाहीत, फक्त पाणी, कारण गावात आलं की जेवण मिळतं असं त्याच्या डोक्यात बसायला नको. मग भूल देऊन, जाळ्यात घालून, हेलिकॉप्टरला लटकवून गावापासून लांब उत्तरेला नेऊन सोडतात किंवा बर्फ धरेपर्यंत ठेवून घेतात. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे, तिथे पिंजऱ्यात आणलेल्यातले कित्येक कायमचेच राहिले. चर्चिलच्या कैद्याला निदान तारीख माहीत असते, बर्फ धरला की सुटका.

तारीखच सरकायला लागली आहे हा सगळा घोळ. बर्फ लवकर फुटतो, उशिरा धरतो, १९८० च्या दशकापेक्षा ही अस्वलं आता तीनेक आठवडे जास्त जमिनीवर काढतात, आणि आधीच काठावर चाललेला हिशेब, त्यात तीन आठवडे म्हणजे खूप. त्या भागातली अस्वलं तेव्हा बाराशेच्या आसपास होती, २०१६ मध्ये ८४२ मोजली, २०२१ मध्ये ६१८. अलास्काच्या उत्तरेला २००८ मध्ये एका अस्वलीच्या गळ्यात ट्रॅकर होता, ती बर्फ शोधत सलग नऊ दिवस पोहली, ६८७ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून बडोदा ओलांडून अजमेरकडे निघाल्यासारखं, पाणी बर्फाइतकं गार. वजन बावीस टक्क्यांनी घटलं. निघाली तेव्हा सोबत वर्षाचं पिल्लू होतं, पोचली तेव्हा नव्हतं.

हे सांगितलं की लोक लगेच तो व्हिडिओ काढतात, २०१७ चा, हाडाचा सापळा झालेलं अस्वल कचऱ्याचं पिंप धुंडाळतंय. मीही तो तेव्हा चार ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. पण ते एक अस्वल नेमकं कशाने त्या अवस्थेला आलं, म्हातारपण, आजार, जखम, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी, हे हवामानबदलामुळे असं म्हणत तो व्हिडिओ दाखवणाऱ्या नॅशनल जिओग्राफिकने स्वतःच छापलं की आम्ही जरा जास्तच बोलून गेलो. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि रागही आला, कारण मधल्या काळात तो व्हिडिओ जगभर झाला आणि कबुली कुणी फॉरवर्ड केली नाही. जगात अंदाजे सव्वीस हजार अस्वलं आहेत, त्यातली दोन तृतीयांश कॅनडात. काही भागात हाल आहेत, काही भागात अजून बरं चाललंय. इनुइट शिकारी म्हणतात आम्हाला तर पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, शास्त्रज्ञ म्हणतात दिसणारच, समुद्र सोडून तुमच्या दारात येतायत, आणि यावर दरवर्षी भांडण होतं, शिकारीचा कोटा किती ठेवायचा यावरून. ज्यांच्या अंगणात अस्वल येतं त्यांना लांबच्या शहरातून कुणी पोस्टर दाखवून अस्वल म्हणजे काय ते शिकवायला लागलं की डोकं फिरणारच, उसातल्या बिबट्यावर पुण्या-मुंबईचे लोक बोलतात तेव्हा माझ्या मामेभावाचं फिरतं तसं.

बर्लिनच्या क्नूटबद्दलही लिहायचं मनात होतं, आईने टाकलेलं पिल्लू, त्याला बाटलीने वाढवणारा राखणदार, त्याच्या नावाची खेळणी आणि टी-शर्ट, चार वर्षांचा असताना लोकांसमोरच पाण्यात पडून मेला तो. पण ते लिहायला घेतलं की मला इनुकाच आठवतो, म्हणून राहू दे.

गेल्या नोव्हेंबरात आई माझ्याकडे होती. चर्चिलजवळच्या टुंड्रावर कॅमेरे बसवलेत, त्या दिवसांत ते लाइव्ह चालू असतात, ते मी टीव्हीवर लावून दिलं. आपले रात्रीचे नऊ, तिथे सकाळचे साडेनऊ. करडा उजेड, खुरटी झुडपं, बर्फाचा पातळ फेस, मागे काळं पाणी. झुडपाच्या आडोशाला एक अस्वल पंज्यांवर हनुवटी टेकवून पडलेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई मेथी निवडत होती.

"काही करतच नाही गं हे."

"बर्फाची वाट बघतंय."

"कधी धरणार?"

"आठवड्याभरात म्हणतात. कधी कधी महिना."

"आणि तोवर जेवण?"

"नाही."

ती काही बोलली नाही, देठं एका बाजूला आणि पानं एका बाजूला करत राहिली. वारा आला तसे अस्वलाच्या पाठीवरचे केस हलले, त्याने एक डोळा उघडला, पाण्याकडे पाहिलं, मिटला. मी म्हटलं कंटाळा आला असेल तर सीरियल लावते.

"राहू दे," आई म्हणाली. "हे पण पिवळंच आहे बघ."